दाखल क्रमांक असलेला चहा

नोकरीची निम्मीअधिक वर्षं मी पोरांच्या दप्तरांतून वेफर्सची पाकिटं जप्त करण्यात घालवली. 'ग्रंथालयात खाण्यापिण्यास सक्त मनाई आहे' हा फलक मी स्वतः पेंटरच्या डोक्यावर उभं राहून रंगवून घेतला, त्यातल्या 'सक्त'ला वेगळा लाल रंग द्यायला लावला, आणि त्या दिवशी एवढा खूश होतो की पेंटरला बाहेर नेऊन स्पेशल चहा पाजला. पुढे त्याच फलकाखाली उभा राहून मी विचारत होतो, "पोहे कुणाचे?"

तेही कुजबुजत.

झालं असं की, कॉलेजात मूल्यांकनासाठी नॅकची समिती येणार होती आणि बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "ग्रंथालयात नवीन काय दाखवणार?" सगळ्यांनी शहाणपणाने टेबलाकडे पाहिलं. मी वर पाहिलं. आता आमचा वाचनकक्ष रिकामा असतो असं नाही हं. सकाळी कुलूप निघायच्या आत एमपीएससीची मुलं दारात उभी असतात. पण ती येतात स्वतःची पुस्तकं घेऊन. आमचं त्यांना फक्त पंखा आणि मोबाइलसाठी प्लग एवढंच लागतं. तेव्हा मी म्हणालो, "सर, परदेशात ग्रंथालयातच कॅफे असतो." वर दाखला दिला ऑक्सफर्डच्या बोडलियनचा. 1602 साली उघडलेलं ग्रंथालय, आत विस्तव पेटवणार नाही अशी शपथ सभासदाला आजही घ्यावी लागते, तरी त्यांच्या वेस्टन इमारतीत कॅफे आहे की नाही! तो प्रवेशाच्या हॉलमध्ये आहे, वाचनकक्षांच्या बाहेर, हे मी नंतर सवडीने वाचलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनाही मी सोडलं नाही. त्यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं सांगतं की ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे. ती चहाच्या दिशेने वाढावी असं त्या थोर माणसाच्या मनातही नसेल, पण बैठकीत त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

कॉलेजच्या कँटीनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, तुम्ही आत बोलू देत नाही. गिऱ्हाइकानं काय हातवारे करायचे?" म्हटलं, सुरुवातीला मी आणि आमचे शिपाईमामा मिळून चालवू. घरी हे सांगितलं तेव्हा ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "घरात दूध उतू जातं तेव्हा तुम्ही त्याच्यासमोरच उभे असता."

कागदाच्या डोंगरात सिलिंडर आणता येत नाही, म्हणून नियतकालिकांच्या कोपऱ्यात इंडक्शनची शेगडी मांडली. साखर मुंग्यांपासून सुरक्षित राहावी म्हणून डबा ठेवला दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात. एवढं बंदिस्त कपाट आमच्याकडे दुसरं नाही. त्या कपाटात कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या असतात, ही गोष्ट मलाच ठाऊक असायला हवी होती, कारण त्या दर पावसाळ्याआधी मीच ठेवतो. पहिल्या चहाचा पहिला घोट घेऊन मराठीच्या बाई बराच वेळ डोळे मिटून बसल्या. "लहानपणच्या ट्रंकेची आठवण झाली," म्हणाल्या. मी ते कौतुक समजलो.

उद्घाटनाला कांदेपोहे करायचं ठरलं. 641.5 च्या, म्हणजे पाककलेच्या फडताळावरून कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' काढलं. 1970 पासून हे पुस्तक महाराष्ट्राच्या लेकीसुनांना स्वयंपाक शिकवतंय, मला शिकवताना त्याला प्रथमच अपयश आलं असेल. पान शोधेपर्यंत तेल तापलं, तेलाकडे बघेपर्यंत पान मिटलं, आणि त्या गडबडीत मोहरी, हिंग, मिरच्या असं सगळं एकदमच कढईत पडून जो ठसका उठला तो थेट छतावरच्या धुराच्या यंत्रापर्यंत गेला. भोंगा वाजला. आगीच्या वेळी सर्वांनी कोणत्या दाराने बाहेर पडायचं याची रंगीत तालीम मी दरवर्षी घेतो. त्या दिवशी एकही मूल बाहेर पडलं नाही. सगळी फोडणीच्या दिशेने आली.

माझी खरी गडबड झाली ती सवयीमुळे. हातात नवी वस्तू आली की मी तिला नोंदवहीत घेतो, त्याशिवाय झोप लागत नाही. कपांवर मी ऑइलपेंटने दाखल क्रमांक घातले. कप देताना ओळखपत्र ठेवून घ्यायचो, चिठ्ठीवर परतीची वेळ लिहायचो, उशीर झाल्यास रुपया दंड. एका मुलाने उरलेल्या चहासाठी मुदतवाढ मागितली आणि मी ती दिलीसुद्धा! रांग जिन्यापर्यंत गेली. वाचकाचा वेळ वाचवा हे रंगनाथनांचंच चौथं सूत्र, पण त्यांना कप विसळावे लागले नव्हते.

बरं, शांतता राखायची म्हणून ऑर्डरही कानात सांगायची. गणिताचे एक सर, साखरेच्या गोळ्या घेणारे, कानाशी येऊन म्हणाले, "बिनसाखरेचा." मला ऐकू आलं, "तीन साखरेचा." मी मनात म्हटलं, असते एकेकाची आवड, आणि आणखी अर्धा चमचा प्रेमाने घातला. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तेवढी तरी शांतता मिळाली.

समिती आली त्याच दिवशी, मी पाहुण्यांना आवळ्याचं सरबत मिक्सरमधून ताजं काढून द्यायला गेलो, शेगडी चालूच होती, आणि सगळ्या मजल्याचे दिवे गेले. अंधारात दूध उतू गेल्याचा वास आला. मी त्याच्यासमोरच उभा होतो.

आता कँटीनवाल्याने बाहेरच्या पोर्चमध्ये टपरीवजा काउंटर टाकलाय. मुलं मोठमोठ्याने बोलतात, कटिंग चार जणांत पितात, आणि चहा चांगला असतो. पुस्तकांची देवघेव पूर्वी होती तेवढीच आहे. फक्त 'रुचिरा'ला मागणी वाढली आहे, आणि त्यातल्या पोह्यांच्या पानावरचा हळदीचा डाग माझा आहे.

शेवटी एक विनंती. आमचे निम्मे कप अजून बाहेर आहेत. पांढरा कप, बुडाशी निळ्या ऑइलपेंटमध्ये क्रमांक. होस्टेलच्या खोलीत, स्टाफरूमच्या खिडकीत, कुणाच्या दाढीच्या सामानात असा कप दिसला, तर कृपया देवघेव काउंटरवर आणून द्यावा. माझी नोंदवही बंद होत नाहीये. दंड माफ आहे.