जमावबंदी जंतूंना लागू नाही

पावसाळा लागला की खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बंदी येते. फलक लागतात, पोलीस उभे राहतात, आणि तरीही रविवारी कुणीतरी मागच्या वाटेने ओढा गाठतोच. तिथे माणसं बुडून मेली आहेत, त्यामुळे बंदीबद्दल तक्रार नाही. गंमत एवढीच की या भागात जेवढं पाणी वाहतं, त्यात त्यातल्या त्यात चांगलं पाणी तेच असावं. वर डोंगरात ना इस्पितळ, ना औषधांचा कारखाना, ना टॉवरची गटारलाइन. तेच पाणी खाली उतरून नाल्याला लागलं आणि खाडीच्या वाटेला लागलं, की पहारा संपला. खाडीत कमरेएवढं उतरा, गणपती बुडवा, पोरांना खांद्यावर घेऊन डुबकी मारा. बुडण्याची भीती नाही ना? मग पाणी उत्तम.

शेजारच्या तळोज्याने निदान एकदा तरी आपल्याला पाण्याकडे बघायला लावलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तिथल्या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या रंगाने निळी झालेली कुत्री हिंडू लागली. फोटो जगभर गेले, अधिकारी धावले, कारखान्यावर कारवाई झाली. कासाडी नदीच्या पाण्याबद्दल कोळी बांधव आधीपासून ओरडत होतेच. पण त्यांचे मासे निळे झाले नाहीत, नुसते मेले. आपल्याकडे दखल घेतली जावी असं वाटत असेल तर आधी रंग बदलावा लागतो. अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंचं फावतं ते इथेच. ते रंगहीन, वासहीन आणि प्रसिद्धीपासून दूर असतात.

सरकार पाणी तपासतच नाही असं नाही. आंघोळीच्या पाण्याचे निकष सन २००० पासून कागदावर आहेत: १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, फार तर २५००. मुंबईच्या चौपाट्यांचे आकडे हा विनोदाचा विषय झाला आहे, तो राहू द्या. पण समजा एखाद्या ठिकाणचा आकडा निकषात बसला, तरी तपासणी नुसती डोकी मोजते. त्या चारपाचशे जणांपैकी किती जण औषध पचवून आलेत, हे विचारायची सोय निकषातच नाही. शिरगणती झाली, चारित्र्य पडताळणी राहिली.

त्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी ब्रिटनमधली एक गोष्ट. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी लाटांवर फळी घेऊन खेळणारे १४३ जण आणि समुद्रात क्वचितच उतरणारे १३० जण तपासले. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: सेफोटॅक्सिम या औषधाला न जुमानणारा ई. कोलाय खेळणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांच्या आतड्यात सापडला, इतरांपैकी ३ टक्क्यांच्या. लाटा खाताना नाकातोंडात पाणी जातं, त्याबरोबर हे पाहुणेही. लगेच आजारपण येतं असं नाही. ते आतड्यात गपगुमान बसतात आणि पुढे कधी लघवीचा संसर्ग झाला, शस्त्रक्रिया झाली, की ओळख दाखवतात. तिकडे निदान बहुतेक सांडपाणी शुद्ध करून समुद्रात सोडतात. आपल्या खाडीबद्दल काय बोलावं?

हे जंतू शिकतात कुठे? आपल्या पोटात, इस्पितळात, कोंबड्यांच्या शेडमध्ये. मग सगळे एकाच गटारात भेटतात. एकाकडे असलेलं प्रतिकाराचं जनुक दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देता येतं. क्लासच्या नोट्सची झेरॉक्स फिरावी तसं. प्रक्रिया केंद्रात जंतूंची संख्या घटते, पण ही जनुकं पुरती जात नाहीत. आणि गटाराला औषध कारखान्याचं पाणी मिळालं तर शिकवणी फुकट. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध कंपन्यांचं सांडपाणी ‘शुद्ध’ करणारं सामायिक केंद्र होतं. २००७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन असल्याचं दाखवून दिलं. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

यावर दिल्लीने जागं व्हायचं ठरवलं, तेही खरं. जानेवारी २०२० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने मसुदा काढला आणि कारखान्याच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती असावं, याच्या मर्यादा घातल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली. मर्यादा गायब. औषध कंपन्यांना त्या फार कडक वाटत होत्या म्हणे. सगळ्या प्रवासात प्रतिकारशक्ती सिद्ध झाली ती फायलीची.

खारघरकरांना हा विषय परका वाटायचं खरं तर कारण नाही. टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र इथेच आहे. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी खाली आलेल्या माणसाला ताप आला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. ते चाललं तर गाठीवरचा उपचार पुढे. नाही चाललं तर गाठ राहते बाजूला आणि साधा ई. कोलाय माणूस घेऊन जातो. सेक्टरच्या एका टोकाला हा झगडा, आणि दुसऱ्या टोकाला आपण शत्रूला सराव देतोय.

सराव देणारं मुख्य ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरचं मेडिकल. सेफिक्झिम हे वर आलेल्या सेफोटॅक्सिमचंच भावंड. ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे: डॉक्टरची चिठ्ठी हवी, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत हवं, वही तीन वर्षं जपायला हवी. सर्दीच्या विषाणूवर हे औषध कवडीचं चालत नाही, ही माहितीही आता शाळेतल्या पोरांना आहे. काउंटरवरचा संवाद तरीही साधारण असा होतो:

“दादा, घसा बसलाय. मागच्या वेळी दिली होतीत ना, त्या पांढऱ्या गोळ्या द्या.”

“चिठ्ठी आहे का?”

“मोबाईलवर आहे. पण ती सासूबाईंची आहे, दिवाळीतली.”

“चालेल. पाच देऊ की दहा?”