छत्तीस गुणी डीजे

लग्नाच्या बाजारात पत्रिकेला जो मान, तो हल्ली डीजेच्या टेबलावर गाण्यांच्या पट्ट्या जुळवणाऱ्या ‘कॅमेलॉट व्हील’ला आहे. बारा घरं इथेही आहेतच. प्रत्येक घरात दोन पट्ट्या: ‘ए’ मायनरची, ‘बी’ मेजरची. गाणं ८-ए असेल तर सोयरीक ७-ए, ९-ए किंवा ८-बीशी; बाकीच्यांना उंबरठ्यावरूनच नमस्कार. सॉफ्टवेअर गाण्यावर शिक्का मारतं, पोरगा आकडे जुळवतो आणि हार्मोनिक मिक्सिंग आलं म्हणून रील टाकून मोकळा होतो.

चक्र खोटं नाही. ८-ए म्हणजे ए मायनर. पेटीवाले ज्याला पांढरी सहा म्हणतात तो षड्ज. शेजारच्या ९-एमध्ये, म्हणजे ई मायनरमध्ये, सातांपैकी सहा सूर तेच. ८-बी म्हणजे सी मेजर. तिथे सातही तेच. म्हणून एकाची बेसलाइन दुसऱ्याच्या सुरावटीखाली घातली तरी दात शिवशिवत नाहीत. ज्याला ‘सा’ सापडत नाही त्यालाही बारापर्यंत मोजता येतं, ही मार्क डेव्हिसच्या या आकड्यांची खरी करामत.

गोची पुढे आहे. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं १२७ वर न्या. वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढला आणि ‘की-लॉक’ बंद असला, तर अख्खं गाणं अर्धा सूर वर चढतं. शिक्का ८-ए, वाजतंय ३-ए! की-लॉक लावला तर पट्टी टिकते, पण फार ताणलं की गाणाऱ्याचा आवाज लटपटायला लागतो. ठोके मोजण्यातही यंत्र गडबडतं: ड्रम अँड बेसचं १७४चं गाणं खुशाल ८७चं म्हणून नोंदवतं. आणि जुन्या कोळीगीतातली ढोलकी हाडामांसाच्या माणसानं वाजवलेली. रंगात आला की तो पुढे पळणारच. सॉफ्टवेअरनं आखलेल्या रेघा दुसऱ्या कडव्यापर्यंत कशाबशा टिकतात, मग पडद्यावर सगळं जुळलेलं आणि कानात खडखडाट.

तरीही पोरगा पडद्याकडेच बघतो.

आता दुसरी पार्टी. ठोके आपोआप जुळवणारं ‘सिंक’चं बटण दिसलं की या जुन्याजाणत्यांना पोटशूळ उठतो. न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ क्लबात १९७०च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हातानं रेकॉर्ड धरून ठोक्यावर ठोका बसवायचा. १९७९च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके-२ वर वेगाची सरकपट्टी आली. आठ टक्के वर, आठ टक्के खाली. एका कानाला हेडफोन, दुसरा कान हॉलकडे, बोट सरकपट्टीवर. कसब होतंच, वाद नाही. पण रात्रभर दोन तबकड्या एका वेगात ठेवल्या म्हणजे रात्र रंगली असं तेव्हाही नव्हतं. जे काम बटण करतं ते बटणाला करू द्या. सुटलेल्या हातांनी काय करता ते बोला.

ज्यांच्याकडे ना सॉफ्टवेअर होतं ना सरकपट्टी, त्यांचं काय अडलं? नव्वदच्या दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर डीजे कॅसेट आणि डॅट टेपवर वाजवायचे, कारण त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकायची, खराब व्हायची. डॅटच्या यंत्राला सहसा वेगाची सरकपट्टीच नसे. मग एका गाण्याचा ठोका थांबलेला शेवट दुसऱ्याच्या ठोक्याविना सुरुवातीवर सोडायचा, एवढंच हातात. तिथला डीजे गोवा गिल तर सीडी आल्यावरही डॅट सोडायला तयार नव्हता. ठोके जुळवायचा प्रश्नच नव्हता. मध्यरात्री अंधारलेलं काय लावायचं आणि उजाडताना मोकळं काय लावायचं, हे मात्र कळावं लागायचं. लोक पहाट उलटली तरी नाचत होते.

चक्र सांगतं, ही दोन गाणी भांडणार नाहीत. भांडू नयेत एवढ्यासाठी कुणी तिकीट काढून येत नाही. सगळी रात्र ८-एवरून ९-एवर आणि ९-एवरून पुन्हा ८-एवर फिरवाल तर एकही चूक होणार नाही, आणि एकालाही दुसऱ्या दिवशी काय वाजलं ते आठवणार नाही. सॉफ्टवेअर लावा, सिंक दाबा, लाज वाटायचं कारण नाही. फक्त अधूनमधून पडद्यावरून मान वर करा. बारकडे किती जण वळले, ते कुठल्याच घरात लिहिलेलं नसतं.