ताउरासी आणि डांबराचा सुवास

नापोलीच्या पूर्वेला, इर्पिनियाच्या डोंगरात, आल्यानिको द्राक्षांची ताउरासी नावाची रेड वाइन होते. द्राक्षं इतकी संथ की तोडणीला ऑक्टोबर सरतो, कधी नोव्हेंबर उजाडतो. मग नियमानं किमान 3 वर्षं मुरवणं, त्यातलं निदान 1 लाकडी पिंपात, ‘रिझर्वा’ म्हणवणाऱ्या बाटलीला एकूण 4. एवढं होऊनही बाटली उघडलीत तर जाणकार कळवळतात: अहो, अजून 10 वर्षं थांबायचं ना! पिणाऱ्याचं वय बहुधा मोजत नाहीत.

थांबून मिळतं काय? ग्लास गोल फिरवून, त्यात नाक खुपसून जाणकार सांगतात: डांबर, चामडं, तंबाखू, धूर. रस्त्याच्या कामाची निविदा वाचल्यासारखं वाटतं. काळी चेरीही असते हो, पण ती कुणालाही लागते; तिच्यात कसली आली प्रतिष्ठा!

पहिल्या घोटाला मात्र तोंड कोरडं पडतं. प्रकार साधा आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. ताटात चरबीदार कोकराचं मांस किंवा मुरलेलं पेकोरिनो चीज असलं की त्याला तिथं काम मिळतं आणि आपली लाळ सुटते. मासे घेतलेत तर तोंडात लोखंड. एवढं सांगायला जाणकारांना दोन तास आणि पाच ग्लास लागतात.

तिकडच्या आज्या रविवारी सकाळपासून रागू, म्हणजे मांसाचा रस्सा, मंद आचेवर ठेवतात आणि दुपारी शेजारी बाटली मांडतात. प्रमाणपत्र नाही, आणि ग्लासही बऱ्याचदा पाण्याचाच.