कटऑफकाका

आमच्या सोसायटीत दहावी-बारावीचा निकाल लागला की पहिला पेढा देवापुढे आणि दुसरा कटऑफकाकांच्या हातावर. त्यांचं खरं नाव लेटरबॉक्सवर आहे, पण ते वाचायची वेळ फक्त पोस्टमनवर येते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वर्षाचे नऊ महिने चारचौघांसारखा असतो: टँकरच्या बिलावरून सेक्रेटरीशी भांडतो, संध्याकाळी टेकडीवर जातो, रात्री साडेनऊला झोपतो. मे ते जुलै मात्र त्यांच्या अंगात येतं. खिशात तीन रंगांची पेनं येतात, काखेत गेल्या वर्षीच्या कटऑफची स्पायरल केलेली चोपडी येते, आणि जिन्यात गाठ पडलेल्या कुठल्याही पोराला ते ‘कसा आहेस?’ न विचारता थेट ‘किती पडले?’ विचारतात.

मुलगा म्हणतो, “ब्याण्णव.”

“टक्के की पर्सेंटाइल?”

“पर्सेंटाइल.”

“मग खूश होऊ नकोस. पर्सेंटाइल म्हणजे तू किती हुशार ते नव्हे. तुझ्यामागे किती उभे आहेत ते. पुढे किती उभे आहेत ते मी सांगतो. वर ये.”

आणि ते खरोखर सांगतात. जीओपनएच म्हणजे काय, एलओपनएस म्हणजे काय, हे ज्या घरात कुणाला उमगत नाही तिथे काका पट्टी लावून एकेक ओळ वाचतात. सीओईपीचं कॉम्प्युटर नव्व्याण्णव पॉइंट कितीला बंद झालं, व्हीजेटीआयला टेक्स्टाइल कुठे थांबलं, टीएफडब्ल्यूएसच्या जागेला फी कमी पण कटऑफ किती चढा, सगळं तोंडपाठ. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो आणि त्या खिडकीवरचे साहेब जेवायला कधी जातात, हेसुद्धा. ऑप्शन फॉर्मला तीनशे पर्याय भरता येतात हे कळल्यावर मुलाचे वडील घाबरतात; काकांना मात्र तीनशे कमी पडतात. “पहिला नंबर विचार करून टाका हं. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर घ्यावाच लागतो,” असं बजावून ते पहिला नंबर स्वतःच विचार करून टाकतात. मुलगा शेजारी बसलेला असतो. त्याचं काम ओटीपी सांगणं.

काकांच्या जगात शाखा दोन प्रकारच्या. स्कोप असलेल्या आणि स्कोप नसलेल्या. आर्ट्स म्हटलं की त्यांना फक्त यूपीएससी ऐकू येतं. बी.एस्सी. ॲग्री म्हटलं की एमपीएससी. राहुरी, दापोली, अकोला, परभणी या चारही कृषी विद्यापीठांत शेतीसुद्धा शिकवतात, हे त्यांना फारसं पटत नाही. कॉमर्स म्हणजे सीए, आणि सीए नाही झाला तर ‘बघू’. नीटमध्ये एमबीबीएस हुकलं की ते पायरीपायरीनं खाली उतरतात: बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ. प्रत्येक पायरीवर “यालाही आता चांगले दिवस आलेत” असं म्हणतात. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत पोराच्या आईचा चेहरा असा झालेला असतो, की चांगले दिवस पहिल्यांदा तिला यायला हवेत असं वाटावं.

या स्कोपचा इतिहास मोठा आहे आणि काका त्यातले सगळ्यात जुने वाटाड्ये. 1983 साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हापासून ते या क्षेत्रात आहेत. आधी त्यांनी पोरांना सिव्हिलला पाठवलं. मग मेकॅनिकल ‘एव्हरग्रीन’ झालं. मग ई अँड टीसी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सगळी बिऱ्हाडं त्यांनी आयटीकडे वळवली. ती पोरं शिकून बाहेर पडली तेव्हा 2001 ची मंदी फाटकातच उभी होती. मग मंदीला घाबरून त्यांनी एका भाच्याला डी.एड.ला घातलं. “शिक्षकाला मरण नाही. शेवटपर्यंत पेन्शन.” भाचा शिकत असतानाच सरकारनं 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. पेन्शन गेली ती गेलीच, पुढे नोकरीही पवित्र पोर्टलवर अडकली. भाच्यानं शेवटी वडापावची गाडी टाकली आणि आता तो काकांच्या ओळखीतला सगळ्यात जास्त आयकर भरणारा माणूस आहे. काका त्याचं नाव उदाहरण म्हणून घेत नाहीत. वडापावला कटऑफ नाही.

सध्या एआय अँड डेटा सायन्सचा हंगाम आहे. गेल्या जुलैत समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आईबरोबर काकांकडे आली. सीईटीला शहाण्णव. काकांनी चोपडी उघडली, हिरवं पेन काढलं आणि एआय-डीएसच्या कॉलेजांवर खुणा करायला लागले. दहाव्या खुणेला मुलगी म्हणाली, “काका, मला इंजिनिअरिंगच करायचं नाही. स्टॅटिस्टिक्स करायचंय. बी.एस्सी.”

काकांनी पेन खाली ठेवलं. आईनं खालचा ओठ चावला.

“स्टॅट्सला काय स्कोप आहे, पोरी? जनगणनेत जाणार?”

“तुम्ही ज्या कॉलेजांवर हिरव्या खुणा करताय ना, तिथे पोरं स्टॅट्सलाच सगळ्यात जास्त घाबरतात. मशीन लर्निंगचा अर्धा पाया तोच आहे.”

काकांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच समोरचं पोर ओटीपीव्यतिरिक्त काहीतरी बोललं होतं. मग तिनं नव्या शिक्षण धोरणाचं सगळं समजावलं: मेजर स्टॅटिस्टिक्स, मायनर इकॉनॉमिक्स, एका वर्षानं बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला डिग्री, चारला ऑनर्स. हे ऐकून मात्र काका खुलले. “म्हणजे एसटीसारखं. तिकीट पुण्याचं, पण साताऱ्याला उतरता येतं. हे बरं केलं सरकारनं.” दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत ते कुणाला तरी सांगताना ऐकू आले, “मी केव्हापासून म्हणतोय, स्टॅट्सला स्कोप आहे.”

काकांना हसणं सोपं आहे. अठराव्या वर्षी पुढच्या चाळीस वर्षांचं ठरवायचं, तेही दहा-पंधरा मिनिटांत लॉगआउट होणाऱ्या वेबसाइटवर. हे कुणालाच नीट येत नाही. आईबापांना येत नाही, पोरांना येत नाही, आणि काकांनाही येत नाही. फरक इतकाच की काका ते ठणकावून सांगतात. लोक त्यांच्याकडे माहितीसाठी जातात असं काकांना वाटतं. माहिती मोबाइलवर ढीगभर आहे. लोकांना हवा असतो तो कुणाचा तरी ठाम आवाज, आणि पुढेमागे बिघडलं तर बोट दाखवायला एक पत्ता. पोरगं परदेशात गेलं की ‘त्यानं मेहनत घेतली’. दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीत गटांगळी खाल्ली की ‘काकांनी सांगितलं म्हणून घेतलं हो मेकॅनिकल’.

आणि खुद्द काका पाटबंधारे खात्यात कसे गेले? हे त्यांच्या बायकोनं एकदा भजी तळता तळता सांगून टाकलं. त्यांना व्हायचं होतं तबलजी. मित्राला ओव्हरसिअरच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, सोबत म्हणून हे गेले. खिडकीवरच्या माणसानं चुकून दोन फॉर्म दिले. मित्र नापास, हे पास. पुढची सगळी वर्षं कालव्यांवर गेली. टीव्हीवर झाकीरभाई लागले की काकांची बोटं अजून त्या चोपडीवर चालतात. काकू हे सांगत होत्या तेव्हा काका शांतपणे चटणी वाढून घेत होते. “चांगलंच झालं की,” एवढंच म्हणाले. “तबल्याला तेव्हा कटऑफ नव्हता. कळलं कसं असतं, आपण कुठे बसतो ते?”

दीड कप चहाच्या बदल्यात दुसऱ्याच्या पोराच्या आयुष्याचा दोष स्वतःच्या नावावर लावून घेणारा माणूस सोसायटीत दुसरा नाही. म्हणून यंदा सगळ्यांनी ठरवलं की काकांना बिनविरोध चेअरमन करायचं. काकांनी नम्रपणे नकार दिला. म्हणाले, गेल्या पाच वर्षांचे चेअरमन बघा, आणि मला सांगा, या लाइनला स्कोप आहे का?