मांजर : एक धानोत्तर प्रश्न

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरांत मांजर आणायचे की नाही, हा प्रश्न भारी धान घरी आल्यावर निघतो. तोवर उंदीर बांधातल्या बिळांत सुखी असतात आणि घरचे लोक त्यांना विसरलेले असतात. कापणी आणि चुरणी झाली की शेत रिकामे होते आणि उंदीर धानामागोमाग गावात येतात. विकायचे कट्टे खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत सपरीत थप्पी लावून पडलेले असतात, घरी खायचे चिन्नोर ढोलीत असते. भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन अलीकडे मिळाले. उंदरांना त्याची पारख आधीपासून होती.

बैठक रात्री जेवणानंतर सपरीत भरते. अध्यक्षपद आजीकडे असते. ती सुपात वाळलेले झिंगे घेऊन त्यांची डोकी खुडत बसलेली असते आणि ठराव मांडला जायच्या आतच विरोध नोंदवते : “मांजर आनलं त हे झिंगे कोन राखन? तू?” हा प्रश्न ज्याला उद्देशून असतो तो गप्प बसतो. तेवढ्यात ढोलीमागे काहीतरी खुडबुडते. सगळे तिकडे बघतात आणि ठराव पुन्हा जिवंत होतो.

बैठकीतले बोलणे उंदरांभोवती फिरते, मनातले मात्र वेगळे असते. घरातल्या मुलीला पिल्लू हवे असते. पण “मले पिल्लू पाह्यजे” म्हटले की अभ्यासाचा विषय निघतो हे तिला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून ती “कट्टे कुरतडले ना, बाबा” असे म्हणते. आजोबांची दुपार रिकामी असते. सगळे शेतावर किंवा शाळेत गेले की त्यांना बोलायला कोणी नसते, पण तेही धानाच्या नुकसानीचा हिशेब मांडतात. घरात सोबत हवी, हे कारण बैठकीत सांगण्यासारखे समजले जात नाही. उंदीर हे सांगण्यासारखे कारण आहे, आणि या कामी उंदरांचा जेवढा उपयोग होतो तेवढा मांजरांचाही होत नसावा.

उंदीर मारण्याच्या बाबतीत मांजराची कीर्ती तिच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी उंदीर आणि मोकाट मांजरे यांच्यावर कॅमेरे लावले. त्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर भरले २. मोठ्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, तिला पाखरे, सरडे आणि लहान उंदीर बरे वाटतात. आणि भंडाऱ्यातल्या घुशी काही ब्रुकलिनच्या उंदरांपेक्षा नाजूक नाहीत. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले की मांजर आसपास असली की उंदीर उघड्यावर कमी येतात. म्हणजे उंदीर राहतात, दिसत नाहीत. बहुतेक कुटुंबांची मागणीही मुळात एवढीच असते.

हरकतींपैकी पहिली कोंबडीच्या पिल्लांची. ती खरी आहे आणि तिला उत्तर नाही. खुराडा नीट बंद करावा. दुसरी दुधाची. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण सर्वांना पाठ असली, तरी मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही. म्हशीचे दूध पाजल्यावर त्याचा परिणाम घरच्यांना डोळे उघडे ठेवून निस्तरावा लागतो. गोड चव मांजराला कळतच नाही, तेव्हा पेढ्यांना धोका नाही. झिंग्यांना आहे. आजीचा मुद्दा इथे शास्त्रशुद्ध ठरतो.

तिसरी हरकत कवेलूची. बोक्यांच्या मारामाऱ्या छपरावर होतात, कवेलू सरकतात आणि पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे काम बाबांकडे येते. स्लॅबच्या घरांत ही हरकत आपोआप रद्द होते, पण सवयीने मांडली जाते. मांजर आडवे गेल्याने अडणारी कामे ही चौथी. घरचे मांजर दिवसातून कितीदा तरी आडवे जाते, त्यामुळे या समजुतीचा आठवडाभरात निकाल लागतो.

वाघाची मावशी म्हणून मिळणाऱ्या मानाचाही विचार व्हावा, कारण या जिल्ह्यात भाचे खरोखरच राहतात. नागझिऱ्याचा जय नावाचा वाघ महामार्ग ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला, प्रसिद्ध झाला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याला शोधायला वन खाते रानोरान फिरले. मावशी दोन रात्री घरी आली नाही तर फक्त आजोबा शोधतात.

ठराव मंजूर झालाच तर मांजर विकत आणली जात नाही. गावात कोणाकडे तरी भाटी व्यालेली असते आणि ते घर पिल्लू द्यायला इतके उत्सुक असते की त्याचेच आश्चर्य वाटावे. भाटी आणावी की बोका, हा पोटप्रश्न इथे सुटला पाहिजे. भाटी पाच-सहा महिन्यांची होताच गाभण राहू शकते आणि सुमारे दोन महिन्यांत तीन-चार पिल्ले देते. तेव्हा नसबंदी करायची नसेल तर चर्चा एका मांजराची नव्हे, पाचांची करावी. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी देत राहावी. माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नये. ती तिच्या जिवावर बेतते.

परत करण्याचा प्रश्न आधीच विचारात घेतलेला बरा. मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, अशी जुनी समजूत आहे. सोन्याचा आजचा भाव पाहता ही समजूत मांजरांचे संरक्षण उत्तम करते. पोत्यात घालून वैनगंगेपलीकडे सोडून येण्याची रीत होती, पण पाळलेला प्राणी हाल होतील असा वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. राहता राहिला मार्ग म्हणजे ज्या घरून पिल्लू आणले त्याच घरी ते नेऊन देणे. त्या घरची भाटी तोवर पुन्हा व्यालेली असते, आणि गेलेला माणूस दोन पिल्ले घेऊन परततो.