दुसऱ्या अंकाचं काय?

पहिला अंक कुणालाही काढता येतो. 'सप्रेम नमस्कार, आपल्या दुकानाचं हे पत्र दर पंधरा दिवसांनी आपल्या भेटीस येईल' असं लिहायचं, वर गणपती, खाली पत्ता, मध्ये चकलीचा फोटो. झालं. मराठीत आजवर निघालेल्या आणि बुडालेल्या नियतकालिकांचे पहिले अंक असेच दणक्यात निघाले असणार. खरी परीक्षा दुसऱ्या अंकाची. नमस्कार करून झालेला असतो, पत्ता देऊन झालेला असतो, चकलीही दाखवून झालेली असते. आणि मधल्या पंधरा दिवसांत दुकानात नवीन घडलेलं एवढंच, की वजनकाट्याचा सेल बदलला.

दुकान आमच्या हिचं. मुलुंड पूर्वेला, स्टेशनपासून चालत येण्यासारखं. थालीपीठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट, आंबोळीचं पीठ, कुळथाचं पीठ, गोडा मसाला, आणि दिवाळीच्या आधी अनारशाचं पीठ. मी जन्मभर एका कचेरीत परिपत्रकं लिहिली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' यानंतर काहीही लिहिलं तरी ते कुणी वाचत नाही, हा अनुभव गाठीशी होता. तेवढ्या भांडवलावर भाचीनं मला संपादक नेमलं. ती पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. "मामा, मामीच्या दुकानाचं ईमेल न्यूजलेटर काढ. कंटेंट तू बघ. नाहीतरी घरीच असतोस."

मी म्हटलं, व्हॉट्सअॅप आहे की. ती म्हणाली, "व्हॉट्सअॅपवर सगळेच ओरडतात. ईमेल माणूस निवांत वाचतो." हे अर्धसत्य आहे. जीमेलनं 2013 साली टपालाचे कप्पे केले आणि दुकानदारांच्या पत्रांसाठी 'प्रमोशन्स' नावाचा मालडबा जोडला. आमची भाजणी त्यात चढते आणि कर्जवाले, विमावाले, गोव्याच्या हॉटेलवाले यांच्या बोचक्यांत उभी राहून प्रवास करते. पण तक्रार कशाला? न मागता पाठवलेली पहिली जाहिराती ईमेल अमेरिकेत 1978 च्या मे महिन्यात गेली, संगणक विकण्यासाठी, चारेकशे लोकांना. लोक भडकले. माल मात्र खपला, असं पाठवणाऱ्यानं पुढे सांगितलं. धंद्याची ही रीत जुनीच आहे.

वाचक मिळवायला काउंटरवर वही ठेवली: नाव, मोबाइल, ईमेल. पहिल्या दोन रकान्यांना कुणाची हरकत नव्हती. तिसऱ्याशी येऊन पेन थांबायचं. "ईमेल ना? मुलाचा लिहू का? तो न्यू जर्सीला असतो." पुढची मावशी सुनेचा लिहायची, ती बंगळुरूला. त्यामुळे आमच्या पत्राचा प्रत्यक्ष खप असा, की भाजणी मुलुंडला, वाचक न्यू जर्सीला. 'ताजी चकली भाजणी आली!' हे आम्ही सकाळी पाठवायचं, न्यू जर्सीतल्या मुलानं ते त्याच्या मध्यरात्री वाचायचं, आणि मुलुंडच्या नीलमनगरात आईला फोन लावायचा, "आई, चकल्या केल्यास?" तिनं दचकून विचारायचं, "तुला कसं कळलं?" यातून विक्री वाढली, हे नाकारता येणार नाही.

दुसऱ्या अंकासाठी भाचीनं 'कंटेंट कॅलेंडर' करायला सांगितलं. हिनं पिठाच्याच हातानं भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. "हे काय मग?" आणि खरंच, जयंतराव साळगावकरांनी 1973 साली हेच केलं. पुढच्या बाजूला तिथी, वार, सण, चतुर्थी. पान उलटलं की पाककृती, आरोग्य, लेख. बारा पानांचं पत्र, वर्षभर भिंतीवर, आणि सदस्यत्व रद्द करायचं तर खिळा उपटावा लागतो! एवढी सोय आजच्या कुठल्याही मार्केटिंगवाल्याला जमलेली नाही.

पण भाचीला तिथी नको होत्या, तिला जागतिक दिवस हवे होते. ते तिनं यादी करून पाठवले. 10 फेब्रुवारी, जागतिक कडधान्य दिन. 30 मार्च, जागतिक इडली दिन. 23 ऑगस्ट, वडापाव दिन. 16 ऑक्टोबर, जागतिक अन्न दिन. शिवाय आम्ही सुरुवात केली ते 2023 साल संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं. मी ज्वारी, बाजरी, नाचणीवर तब्येतीत मजकूर लिहिला. हिनं वाचला आणि म्हणाली, "आमची आजी रोज भाकरी थापायची. युनोला आत्ता कळलं होय?" वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून शीर्षक तेच दिलं.

दिवसांवर पत्र काढण्यातली गोची अशी, की तो दिवस सगळ्यांचाच असतो. महिला दिनाला बँकेची शुभेच्छा, औषधवाल्याची शुभेच्छा, टायरवाल्याची शुभेच्छा, आणि त्या रांगेत आमचं मेतकूट. घाटकोपरला माझा एक कपड्याचा दुकानदार मित्र आहे. तो असल्या भानगडीत पडत नाही. त्याच्याकडे बाराही महिने एकच बातमी असते: सेल. होळी सेल, पाऊस सेल, पाऊस लांबला म्हणून सेल. मी विचारलं, कुणी वाचतं का? तो म्हणाला, "वाचायचं कशाला? टक्का बघायचा."

मग ताज्या घडामोडींवर लिहावं असं ठरलं. अमूलच्या फलकांवरची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती पोरगी 1966 पासून हेच करते आहे. क्रिकेट, निवडणूक, सिनेमा, कुणाचं तरी लग्न. लोणी आपलं तळाशी, एका कोटीपुरतं. वाटतं सोपं. पण अमूलच्या पाठीशी दाकुन्हांची जाहिरात एजन्सी, आमच्या पाठीशी मी. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात आमचा मुलुंडचाही. दिवाळी तोंडावर. मी ओळ लिहिली: 'टोल माफ झाला, मोहन माफ नाही!' हिनं विचारलं, "म्हणजे काय?" भाचीनं पुण्याहून विचारलं, "म्हणजे काय?" ओळ गेली नाही. ती उत्तम होती असं माझं आजही मत आहे.

त्यानंतर 'आमच्या टीमला भेटा' हा विषय आला. जगातल्या झाडून सगळ्या छोट्या धंद्यांना तो सुचवला जातो, असं दिसतं. आमची टीम म्हणजे पिठं चाळायला आणि पाकिटं भरायला येणाऱ्या दोघी. एक भांडुपहून येते, दुसरी विक्रोळीहून. मी मोबाइल काढला तशी विक्रोळीची म्हणाली, "काका, आज नको. केस धुतले नाहीत." दुसऱ्या दिवशी दोघी नव्या साड्या नेसून आल्या. पिठाच्या कामाला नव्या साड्या! हिनं कपाळाला हात लावला. चाळणी हातात घेऊन फोटो झाला, पीठ न घेता, कारण साडीवर उडालं असतं. म्हणजे फोटोत दोघी रिकामी चाळणी चाळताहेत. त्या अंकाला उत्तरं आली, तीही ढिगानं. भाजणीबद्दल एकही नाही. 'निळ्या साडीतल्या ताई पूर्वी कन्नमवारनगरला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या का?' 'उजवीकडच्या बाईंनी नेसली आहे ती साडी कुठून घेतली?' दोन्ही प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात द्यावी लागली. पहिल्याचं होय, दुसऱ्याचं दादर.

इथवर आल्यावर मला किर्लोस्करवाडी आठवली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं घरचं पत्रक काढावं, हे खूळ काही भाचीच्या पिढीचं नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना नेला. त्यांचा मुख्य माल लोखंडी नांगर. तो सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेल्याचं सांगतात. पुढे 1920 साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. गडी मुळात चित्रकलेतला. आता विचार करा, नांगरावर दर महिन्याला काय लिहिणार? पहिल्या अंकात नांगर, दुसऱ्या अंकात नांगराचा फाळ, तिसऱ्यात काय? शंवाकिंनी नांगर विकत घेणाऱ्या माणसाला आणखी काय वाचायला आवडेल, ते छापायला सुरुवात केली. शेती, उद्योग, मग कथा, व्यंगचित्रं, समाजसुधारणा, विज्ञान. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख त्यात यायचे. पुढे 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' उरलं, 1930 साली 'स्त्री' निघालं, 1934 साली 'मनोहर', आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत नांगर कधीच न पोहोचता किर्लोस्कर नाव पोहोचलं. गिऱ्हाइकांना पाठवायच्या पत्रकातून एवढं मोठं वाचनालय उभं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मी हे सगळं रंगवून सांगितल्यावर ही म्हणाली, "म्हणजे भाजणीच्या पत्रात आता तुमच्या कथा येणार?" मी तो विचार सोडला.

रस्ता दाखवला तो अंधेरीच्या मित्रानं. मरोळच्या एमआयडीसीत त्याचा स्प्रिंगांचा छोटा कारखाना आहे. स्प्रिंग हा विषय नांगरापेक्षाही रुक्ष. त्याचंही पत्र निघतं, आणि गिऱ्हाइकं ते मागून घेतात. त्यात एकच सदर आहे: 'या महिन्यात तुटलेली स्प्रिंग.' गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या मोडक्या स्प्रिंगचा फोटो, आणि खाली ती का तुटली ते. इथे बसवताना पकडीचा ओरखडा उठला, तिथून चीर सुरू झाली. इथे गंज धरला होता. इथे लांबी जमेना म्हणून कुणीतरी कापली होती. गिऱ्हाइकाचं नाव नसतं, पण ज्याचं त्याला कळतं. "चांगल्या स्प्रिंगचा फोटो कोण बघतो रे?" तो म्हणाला. "तुटलेली सगळे बघतात. आपली नाही ना, म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून मी संपादकाची खुर्ची काउंटरच्या आत ठेवली. तिथे बसल्यावर कळलं की मी विषय शोधत घरात बसलो होतो, तेव्हा विषय रांगेत उभं राहून सुटे पैसे मोजत होते. "अहो, चकली तेलात टाकली की विरघळतेच." मोहन जास्त झालं. "दगड झाल्यात." मोहन कमी पडलं. "दुसऱ्या दिवशी लोळा." तेल तापायच्या आत घाई केली. ही प्रत्येकीला पाकीट बांधता बांधता उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तर म्हणजे एक अंक होता. एका गृहस्थांनी हळूच जवळ येऊन विचारलं, "गिरणीत आमच्या आधी कुणीतरी मिरच्या दळल्या. तांदळाचं पीठ झणझणतंय. आता?" यावर हिचं उत्तर असं, की आधी काय दळलं हे गिरणीवाल्याला विचारल्याशिवाय डबा पुढे करायचाच नाही, आणि झालंच आहे तर त्याचे घावन करा, चटणी कमी लागेल.

मग दिवाळीआधीचा अंक निघाला. विषयाच्या जागी तीनच शब्द: 'अनारसा का हसतो?' मराठी घरात या प्रश्नावर नणंदा-भावजयांचे संबंध ठरलेले आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, फडक्यावर निथळवून ओलसर असताना कुटायचे, गूळ घालून गोळा मुरवायचा. एवढं करून तो तुपात पडल्या पडल्या फुटून पसरतो आणि कढईभर हसतो. गूळ जास्त झाला, पीठ सैल झालं. उपाय: त्याच ओलसर तांदळाचं थोडं पीठ आधीच बाजूला ठेवलेलं असावं, ते मळायचं, एक अनारसा तळून बघायचा. खसखस वरच्या बाजूला, उलटायचा नाही, झाऱ्यानं तूप उडवायचं. बस. सेल नाही, शुभेच्छा नाही, जागतिक दिन नाही.

तो अंक मालडब्यातूनही लोकांनी शोधून काढला. न्यू जर्सीच्या पोरानं आईला फोन करून विचारलं, "तुझे हसतात का गं?" बोरिवलीहून एका आजींचं उत्तर आलं, नातवाकडून टाइप करून घेतलेलं: उपाय बरोबर आहे, पण गुळात केळ्याचा तुकडाही घालतात, ते लिहायचं राहिलं. त्यावर मुलुंडच्याच एका काकूंचं उत्तर: केळं घालणारी माणसं वेगळी. भांडण अजून मिटलेलं नाही. पुढचे अंक त्यावरच चालले आहेत आणि विषय सुचत नाही ही माझी तक्रार बंद झाली आहे. भाची म्हणते याला 'एंगेजमेंट' म्हणतात. हिच्या मते हा निव्वळ चोंबडेपणा आहे, पण पीठ खपतं.

येत्या अंकाचा विषय पावसाळ्यात भाजणीला जाळी का धरते, हा आहे. आपल्या घरी धरत असेल तर दुकानात येऊन सांगा, नाव छापणार नाही. वही काउंटरवरच आहे. फक्त ईमेल लिहाल तो स्वतःचा लिहा, मुलाचा नको. त्यांच्याकडे तेव्हा रात्र असते.