न निघणारे आणि ते काढणारे

सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारातील सर्वांत चोख हिशेब असा, की ज्या दुकानात पाण्याने, घामाने किंवा अश्रूंनी न निघणारा मस्कारा मिळतो, त्याच दुकानात, बहुधा शेजारच्याच फळीवर, तो काढण्याचे द्रावणही मिळते आणि ग्राहक दोन्हींचे पैसे हसतमुखाने मोजतो. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मेण आणि पापण्यांच्या केसांवर पातळ थर धरणारी बहुवारिके, म्हणजे लांब साखळीचे रेणू, असल्याने तो पाण्याला दाद देत नाही, तेलापुढे मात्र नरम पडतो. म्हणूनच तेल व पाणी असे दोन थर असलेली, वापरण्यापूर्वी हलवावी लागणारी बाटली त्यावर गुणकारी ठरते, तर मायसेलर वॉटर, म्हणजे तेलकट मळ वेढून घेणाऱ्या सूक्ष्म रेणुपुंजांचे सौम्य द्रावण, हलक्या रंगालाच पुरते. बाटलीवरील ‘हायपोॲलर्जेनिक’ या शिक्क्याला अमेरिकी कायद्यातही निश्चित निकष नाहीत, परंतु त्यामुळे किंमत वाढण्यात काही अडचण आलेली दिसत नाही. खोबरेल तेलावर असा शिक्का नसतो, हाच त्याचा मोठा दोष असावा (डोळ्यांत गेल्यास तेही काही काळ धूसर दाखवते, हे खरे). पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ, तरीही ती करपलेल्या पातेल्यासारखी घासली जाते. वास्तविक भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर दहा-पंधरा सेकंद नुसता टेकवून खाली हलकेच ओढला की बहुतेक काम होते, पण धीर बाटलीत भरता येत नसल्याने त्याची जाहिरात होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असल्यास त्या आधी काढाव्यात.